एचडी आणि ४के चॅनल: कोणत्या डीटीएचकडे किती जागा, आणि 'सर्वाधिक एचडी'चा नेमका अर्थ काय?

दसरा-दिवाळीच्या खरेदीत घरात ५५ इंची ४के टीव्ही येतो. दुकानातल्या डेमोमध्ये पानावरचं दवसुद्धा दिसत होतं. घरी डिश जोडून रोजची मालिका लावली की चेहरे पुसट आणि अक्षरं फुगलेली दिसतात. मग वाटतं, टीव्ही खराब निघाला की काय?

बहुतेक वेळा टीव्ही चांगलाच असतो. छतावरच्या छत्रीतून येणारं चित्रच कमी तपशिलाचं असतं. ते तसं का असतं, टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डी२एच, सन डायरेक्ट आणि डीडी फ्री डिश यांच्यात याबाबत फरक काय आणि रिचार्ज किंवा कनेक्शन बदलण्याआधी काय तपासायचं, ते समजून घेऊ.

एसडी, एचडी, यूएचडी: फरक किती?

टीव्हीवरचं चित्र लहान-लहान ठिपक्यांचं बनलेलं असतं. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात.

- एसडी: ७२० × ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपके
- एचडी: १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके
- यूएचडी (यालाच ४के म्हणतात): ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार ठिपके

एचडीमध्ये एसडीच्या पाचपट तपशील असतो आणि यूएचडीमध्ये एचडीच्या चौपट. म्हणजे ४के टीव्हीवर एसडी चॅनल लावलं की प्रत्येक ठिपक्यामागे वीस ठिपके टीव्हीला अंदाजाने भरावे लागतात. चित्र पुसट दिसतं ते यामुळे. जुन्या २१ इंची टीव्हीवर हेच चॅनल बरं दिसायचं, कारण तिथे ताणायला फारसं काही नव्हतंच.

उपग्रहावर जागा कशी मोजतात?

डीटीएचचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतात. जमिनीवरून आलेला सिग्नल घेऊन तो पुन्हा खाली पाठवणाऱ्या उपकरणाला ट्रान्सपाँडर म्हणतात. कंपनीकडे किती ट्रान्सपाँडर भाड्याने आहेत, यावर तिची खरी क्षमता ठरते.

ट्रान्सपाँडर म्हणजे एसटी बस असं समजा. आसनं ठरलेली आहेत. एसडी चॅनल एक आसन घेतं, एचडीला तीन लागतात, यूएचडीला दहा.

आता आकडे पाहू. डीव्हीबी-एस२ या प्रसारण पद्धतीत एका ट्रान्सपाँडरमधून सेकंदाला साधारण ५५ ते ६० मेगाबिट माहिती जाते. जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीत हीच क्षमता ३८ मेगाबिटच्या आसपास असते. ६० मेगाबिट धरले, तर ढोबळ हिशेब असा:

- एमपेग-४ मधलं एसडी चॅनल सुमारे २ मेगाबिट घेतं, म्हणजे ३० चॅनल
- एमपेग-४ मधलं एचडी चॅनल सुमारे ६ मेगाबिट घेतं, म्हणजे १० चॅनल
- नव्या एचईव्हीसी पद्धतीतलं यूएचडी चॅनल सुमारे २० मेगाबिट घेतं, म्हणजे ३ चॅनल

एक यूएचडी चॅनल द्यायचं म्हणजे दहा एसडी चॅनलची जागा सोडायची. तेवढ्यात आठ-दहा प्रादेशिक वाहिन्या बसतात आणि त्या पाहणारी घरं कितीतरी जास्त असतात. कंपनी काय निवडेल, हे सांगायला नको.

चॅनलची संख्या फसवी का असते?

दोन कंपन्यांकडे सारखीच जागा आहे आणि दोघीही '१०० एचडी' म्हणतात, तरी चित्र सारखं दिसेलच असं नाही. एक कंपनी एचडी चॅनलला ८ मेगाबिट देऊ शकते आणि दुसरी ४. दोन्हीकडे ठिपके १९२० × १०८० असतील आणि पाटीही एचडीचीच असेल. पण दुसरीकडे क्रिकेटमध्ये चेंडू सीमारेषेकडे धावला की गवताचे चौकोनी तुकडे पडताना दिसतील. बातम्यांमधला स्थिर चेहरा मात्र दोन्हीकडे छानच दिसेल.

कंपन्या यावर एक उपाय वापरतात. एका ट्रान्सपाँडरमधली सगळी चॅनल एकत्र बांधून, ज्या क्षणी ज्या चॅनलला गरज आहे त्याला जास्त जागा दिली जाते. चर्चेच्या कार्यक्रमातून थोडी जागा काढून ती सामन्याला मिळते. पण एकाच गठ्ठ्यात तीन क्रीडा वाहिन्या असतील आणि तिन्हींवर सामना चालू असेल, तर द्यायला जागाच उरत नाही.

म्हणून तुलना करताना चित्र पाहायचं ते हलत्या दृश्यांचं. शेजाऱ्याकडे दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन असेल, तर तोच सामना, तेच चॅनल, त्याच वेळी पाहा. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त सांगून जातात.

कोणाकडे कोणता उपग्रह?

टाटा प्ले: २००६ मध्ये टाटा स्काय नावाने सुरू झालेली ही सेवा ८३ अंश पूर्व या स्थानावरच्या उपग्रहांवरून चालते. इथे जीसॅट-१० सोबत आता जीसॅट-२४ आहे. जून २०२२ मध्ये फ्रेंच गयानातल्या कौरू इथून सोडलेल्या या उपग्रहावर केयू बँडचे २४ ट्रान्सपाँडर आहेत आणि त्याची संपूर्ण क्षमता टाटा प्लेने घेतली आहे. ग्राहक आधी ठरवून मग उपग्रह बांधण्याची न्यूस्पेस इंडिया या सरकारी कंपनीची ही पहिलीच मोहीम होती. २०२३ मध्ये हा उपग्रह सेवेत आला, तेव्हा ६०० वरून ९०० चॅनलपर्यंत जाता येईल असं कंपनीने सांगितलं होतं.

वरच्या ढोबळ हिशेबाने २४ ट्रान्सपाँडरमध्ये नुसती एसडी भरली तर ७२० चॅनल बसतात, नुसती एचडी भरली तर २४० आणि नुसती यूएचडी भरली तर ७२. म्हणजे 'इतकी चॅनल' असं कोणी म्हणालं, तर त्यातली एचडी किती, हा प्रश्न लगेच विचारायला हवा.

एअरटेल डिजिटल टीव्ही: २००८ मध्ये सुरू झाली. १०८.२ अंश पूर्वेवरचे एसईएस या परदेशी कंपनीचे उपग्रह ती वापरते.

डिश टीव्ही आणि डी२एच: डिश टीव्ही ही २००३ मध्ये सुरू झालेली देशातली पहिली खासगी डीटीएच सेवा. २०१८ मध्ये व्हिडिओकॉन डी२एच तिच्यात विलीन झाली. कंपनी एक झाली, पण छतावरच्या छत्र्यांची तोंडं वेगळीच राहिली: डिश टीव्ही ९५ अंशाकडे, डी२एच ८८ अंशाकडे. त्यामुळे तेच एचडी चॅनल दोन्ही ग्राहकांना द्यायचं, तर ते दोन उपग्रहांवर दोनदा पाठवावं लागतं. दोन्हीकडची जागा बेरीज करून वाढत नाही.

सन डायरेक्ट: दक्षिणेत जोर असलेली सेवा. ९३.५ अंशावरचा जीसॅट-१५ आणि ९१.५ अंशावरचे मलेशियाचे मीसॅट उपग्रह ती वापरत आली आहे. तिची जागा दक्षिणेतल्या भाषांच्या चॅनलांकडे झुकलेली असते, म्हणून मराठी एचडी हवं असेल तर यादी आधी तपासावी.

डीडी फ्री डिश: प्रसार भारतीची ही सेवा २००४ मध्ये सुरू झाली. महिन्याचं रिचार्ज नाही. हीसुद्धा जीसॅट-१५ वरून येते. यातल्या बऱ्याच जागा अजून जुन्या एमपेग-२ पद्धतीच्या आहेत, कारण गावोगावी लागलेले स्वस्त बॉक्स तेवढंच वाचू शकतात. एमपेग-२ मध्ये तेच एसडी चॅनल जवळपास दुप्पट जागा खातं. लाखो घरांतले बॉक्स बंद न पाडता ही जागा मोकळी करणं सोपं नाही. ही सेवा मुख्यतः एसडीचीच आहे, असं समजूनच घ्यावी.

मग ४के चॅनल गेली कुठे?

जानेवारी २०१५ मध्ये टाटा स्कायने ४के सेट-टॉप बॉक्स बाजारात आणला. त्याच काळात व्हिडिओकॉन डी२एचनेही ४के सेवा आणली. त्या वर्षीच्या क्रिकेट विश्वचषकाचे काही सामने ४के मध्ये दाखवलेही गेले. आता सगळं ४के होणार, असं तेव्हा वाटलं होतं.

पण तसं झालं नाही, आणि त्याला तीन कारणं आहेत. पहिलं, वर सांगितलेलं जागेचं गणित. दुसरं, वाहिन्यांना कॅमेऱ्यापासून संकलनापर्यंत सगळी साखळी बदलावी लागते आणि रोजच्या मालिकेसाठी तो खर्च निघत नाही. तिसरं, ग्राहकाचा बॉक्स बदलावा लागतो. घरातला एचडी बॉक्स एचईव्हीसीमधलं यूएचडी चॅनल उघडू शकत नाही.

दरम्यान इंटरनेट पुढे निघून गेलं. २०२३ चं आयपीएल जिओसिनेमाने ४के मध्ये दाखवलं, तेही फुकट. इंटरनेटवर ज्याने मागितलं त्यालाच ४के पाठवायचं असतं. उपग्रहावर मात्र एकानेही पाहिलं नाही तरी चॅनलची जागा अडलेलीच राहते.

जपानमध्ये वेगळं चित्र दिसतं. तिथे एनएचकेने १ डिसेंबर २०१८ पासून उपग्रहावरून ४के आणि ८के वाहिन्या सुरू केल्या. म्हणजे तंत्र उपलब्ध आहे, पण त्यासाठी जागा आणि पैसा राखून ठेवण्याचा निर्णय लागतो. आपल्याकडे ट्रायच्या आकडेवारीनुसार २०२० च्या सुमारास डीटीएचचे सक्रिय ग्राहक सात कोटींच्या घरात होते. २०२४ च्या अखेरीस ते सहा कोटींच्या खाली आले. ग्राहक कमी होत असताना नव्या ट्रान्सपाँडरचं भाडं भरायला कंपन्या कचरतात.

'४के बॉक्स' म्हणजे ४के चॅनल नव्हे

इथे बरेच जण फसतात. बॉक्सवर ४के लिहिलेलं असलं, की तो ४के चित्र दाखवू शकतो एवढाच अर्थ होतो. अँड्रॉइडवर चालणाऱ्या नव्या बॉक्समध्ये ते ४के मुख्यतः इंटरनेटवरच्या ॲपमधून येतं. छत्रीतून येणारी चॅनल एसडी किंवा एचडीच असतात. घरात चांगलं वाय-फाय नसेल, तर त्या ४के अक्षरांचा उपयोग जवळपास शून्य.

पावसाळ्यात एचडी आधी का जातं?

कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी हे अनुभवलं असेल. डीटीएच केयू बँडवर चालतं आणि जोरदार पावसाचे थेंब या लहरी शोषून घेतात. जास्त माहिती कोंबणाऱ्या प्रसारण पद्धतीला जास्त स्वच्छ सिग्नल लागतो. म्हणून जिथे एचडी अशा पद्धतीत आणि एसडी जुन्या पद्धतीत येतं, तिथे पावसात एचडी आधी अडखळतं. क्षमता वाढवण्याची ही किंमत आहे. छत्रीची दिशा एकदा नीट लावून घेतली आणि गंजलेला एलएनबी बदलला, की बराच फरक पडतो.

बिलात एचडीचा हिशेब

चॅनलच्या किमतीशिवाय नेटवर्क कपॅसिटी फी लागते. ट्रायच्या नियमात या फीसाठी एक एचडी चॅनल दोन एसडी चॅनलांएवढं धरलं गेलं. २०२० च्या बदलानंतर २०० चॅनलांसाठी ही फी कमाल १३० रुपये अधिक कर होती. २०२४ मध्ये ट्रायने ती कमाल मर्यादा काढली, म्हणून आता कंपनीनुसार फी पाहावी लागते.

आणखी एक उपयोगी नियम: एकाच पॅकमध्ये एका चॅनलची एसडी आणि एचडी अशी दोन्ही रूपं देता येत नाहीत. तरीही वेगवेगळे पॅक आणि सुटी चॅनल घेताना तेच चॅनल दोनदा घेतलं जाऊ शकतं. यादी उघडून पाहा. तसं असेल तर एसडी काढून टाका, पैसे वाचतील.

घेण्याआधी पाच प्रश्न

१. मी रोज पाहतो ती चॅनल या कंपनीकडे एचडीत आहेत का? झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी यांची एचडी रूपं आहेत, पण प्रत्येक मराठी वाहिनीचं एचडी रूप असतंच असं नाही.

२. जाहिरातीतल्या एचडीच्या आकड्यात कंपनीच्या स्वतःच्या सेवा किती? डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या डीटीएच धोरणात अशा सेवांना एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण त्या मोजणीत दिसतात.

३. माझा बॉक्स एचडी आहे का, आणि तो एचडीएमआय वायरनेच टीव्हीला जोडला आहे का? लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीतून एचडी येत नाही. तक्रारींमागचं हे अगदी साधं कारण अनेकदा नजरेतून सुटतं.

४. बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्र १०८० वर ठेवलं आहे का?

५. ४के नेमकं कशासाठी हवं आहे? सामने आणि सिनेमांसाठी असेल, तर त्या पैशांत चांगलं ब्रॉडबँड घेणं जास्त फायद्याचं ठरू शकतं.

घरात वयस्कर मंडळी रिमोटवर ठरलेले तीन आकडे दाबून चॅनल लावत असतील, तर डीटीएच काढून टाकण्याची घाई नको. त्यांच्या चार-पाच आवडत्या चॅनलांची एचडी रूपं तेवढी घ्या आणि बाकीची एसडीवर राहू द्या. अनेक घरांत एवढ्यानेच चित्रही सुधारतं आणि रिचार्जही आटोक्यात राहतं.