साहसाचें पुस्तक

खेळ म्हटला कीं डाव आला, हारजीत आली, आणि डाव संपला म्हणजे पट गुंडाळून ठेवणें आलें. बुद्धिबळ घ्या, सोंगट्या घ्या किंवा पत्ते घ्या. कालच्या डावांतील पराक्रम आजच्या डावांत कामास येत नाहीं. राजा आणि प्यादीं दर वेळीं नव्यानें मांडावीं लागतात, आणि विजयही दर वेळीं नव्यानें मिळवावा लागतो. परंतु गेल्या चाळीस वर्षांत जपानांत खेळाचा एक असा प्रकार वाढीस लागला आहे कीं, ज्यांत कालचे श्रम आज पदरांत राहतात, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या एकाच डावाची शिदोरी खेळणारा पुढें पुढें नेत असतो. इंग्रजींत ह्यास 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. आपण सोयीसाठीं 'भूमिका-खेळ' म्हणूं. मी स्वतः हे खेळ पुष्कळ वर्षें हौसेनें खेळत आलों आहें. त्यांच्या इतिहासाचा समग्र आढावा घेण्याचा आज माझा विचार नाहीं. खेळणाऱ्याचे श्रम ह्या खेळांनीं कसकसे सांभाळले, आणि ते खरोखर किती सांभाळले गेले, एवढा एकच प्रश्न मी आपणांपुढें मांडणार आहें.

ज्या श्रोत्यांनीं असा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं त्याचें स्वरूप प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक लहानसा वीर नकाशावरून चालत असतो. वाटेंत राक्षस आडवा आला कीं चालणें थांबतें आणि पडद्यावर कांहीं शब्द उमटतात: लढा, मंत्र म्हणा, पळा. त्यांतील एक निवडावयाचा. घाई मुळींच नाहीं. खेळणाऱ्यानें मध्येंच उठून चहा घेतला तरी राक्षस आपल्या पाळीची वाट पाहत उभा राहतो. प्रत्येक विजयागणिक 'अनुभव' नांवाचे गुण जमा होतात, आणि ते ठराविक संख्येस पोहोंचले म्हणजे वीर एक पायरी वर चढतो. तेव्हां येथें बोटांची चपळाई कामाची नाहीं, चिकाटी हवी. संध्याकाळमागून संध्याकाळ त्याच रानांत त्याच राक्षसांशीं झुंजत राहणें हा ह्या खेळाचा मोठाच भाग होय. बाहेरून पाहणाऱ्यास तें कंटाळवाणें वाटतें. परंतु रोज थोडा रियाज करणाऱ्या गायकास जें समाधान लाभतें, त्याच जातीचें हें समाधान आहे असा माझा अनुभव आहे.

ह्या खेळाचें मूळ जपानांतलें नव्हे. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्यांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ प्रसिद्ध केला. कागद, फांसे आणि कल्पनाशक्ति एवढीच त्याची सामग्री. पुढें फांसे टाकण्याचें आणि हिशेब ठेवण्याचें काम संगणकाकडे गेलें, व १९८१ सालीं 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे दोन संगणकी खेळ निघाले. जपानांत हा प्रकार रुजविणाऱ्यांत हॉलंडांत जन्मलेले हेंक रॉजर्स ह्यांचें नांव घ्यावें लागतें. १९८४ सालीं त्यांनीं 'ब्लॅक ऑनिक्स' हा खेळ तेथील घरगुती संगणकांसाठीं काढला. पण संगणक महाग, आणि खेळ कठोर! 'विझर्ड्री'त साथीदार पडला म्हणजे त्यास देवळांत नेऊन उठविण्याचा प्रयत्न करावा. तो फसला तर प्रेताची राख होई. आणि राखेवरचा प्रयत्नही फसला, तर तो साथीदार त्याच्यावर वेंचलेल्या सर्व श्रमांसह कायमचा नाहींसा होई.

हा कठोरपणा काढून टाकून तोच आनंद सामान्य घरांतील मुलांच्या हातीं द्यावा, ही दृष्टि युजी होरी ह्यांची. निन्तेंदो कंपनीचें 'फॅमिली कॉम्प्युटर' हें स्वस्त यंत्र १९८३ पासून जपानी घरांत शिरलें होतें. त्या यंत्रासाठीं २७ मे १९८६ रोजीं एनिक्स कंपनीनें 'ड्रॅगन क्वेस्ट' प्रसिद्ध केला. लेखन होरींचें, चित्रें अकिरा तोरियामा ह्यांचीं, संगीत कोइची सुगियामा ह्यांचें, आणि यंत्राची आज्ञावली कोइची नाकामुरा व त्यांचे सहकारी ह्यांची. संपूर्ण खेळ अवघ्या ६४ किलोबाइटांत बसविलेला. आजच्या मोबाइलवर काढलेलें एक छायाचित्रही सामान्यतः ह्याहून कितीतरी मोठें असतें. खेळ सुरू होतो तो राजाच्या बंद दालनांत. तेथील पेटी उघडून, किल्ली घेऊन, दार उघडून बाहेर पडेपर्यंत खेळावें कसें हें मूल आपोआप शिकलेलें असतें. आणि मरणाचा नियम पाहा: वीर मेला तर तो राजापुढें पुन्हा उभा राहतो; गांठीचें अर्धें सोनें जातें, परंतु मिळविलेला अनुभव यत्किंचितही कमी होत नाहीं. धन जाईल, पण कमावलेली विद्या जाणार नाहीं, हें अभय त्या खेळानें मुलांना दिलें.

तथापि एक अडचण होती. त्या कॅसेटींत लिहून ठेवण्याजोगी जागाच नव्हती. वीज बंद केली कीं सारें पुसलें जाई. (आपल्याकडील मुलें त्या चौकोनी डबीस 'कॅसेट' म्हणत, जपानी मुलेंही तसेंच म्हणत.) ह्यावर तोड निघाली ती मोठी चमत्कारिक. खेळ थांबवावयाचा असला म्हणजे राजाकडे जावें. राजा वीस अक्षरांचा एक निरर्थक 'संजीवन-मंत्र' सांगे. तो वहींत उतरून घ्यावा व दुसऱ्या दिवशीं जसाच्या तसा यंत्रास सांगावा. म्हणजे वीर आपल्या पायरीसह, सोन्यासह, शस्त्रांसह उभा! तीं अक्षरें पांच, सात, पांच आणि तीन अशा ओळींनीं मांडलेलीं असत, आणि त्यांत जपानी कवितेच्या परिचित तालाचा भास होई. पण जपानी लिपींत 'का' ह्या अक्षरास दोन बारीक टिंबें दिलीं कीं त्याचा 'गा' होतो. 'नु' आणि 'मे' तर सख्ख्या भावांसारखे दिसतात. आपल्याकडे घाईच्या अक्षरांत घ आणि ध, किंवा भ आणि म, ह्यांची जी गत होते तीच येथें. एक टिंब चुकलें कीं आठवड्याचे श्रम वायां! १९८७ च्या दुसऱ्या भागांत वीर तीन झाले आणि मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत लांबला. मी ते मंत्र उतरतांना दोनदां ताडून पाहत असें, आणि दर वेळीं मनांत येई कीं, वीर खरोखर ह्या यंत्रांत राहत नाहीं. तो ह्या वहींत राहतो.

डिसेंबर १९८७ मध्यें स्क्वेअर कंपनीचा 'फायनल फँटसी' निघाला आणि १० फेब्रुवारी १९८८ रोजीं 'ड्रॅगन क्वेस्ट'चा तिसरा भाग. ह्या दोहोंच्या कॅसेटींत नाण्याएवढी एक बॅटरी बसविलेली होती. यंत्र बंद असलें तरी ती बॅटरी कॅसेटींतील स्मृति जागी ठेवी, आणि मंत्राची कटकट मिटली. तिसऱ्या भागांत ह्या नोंदीस 'साहसाचें पुस्तक' असें सुंदर नांव दिलें आहे. एका कॅसेटींत अशीं तीन पुस्तकें मावत. पहिल्याच दिवशीं ह्या भागाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या, आणि शाळा बुडवून रांगेंत उभ्या राहिलेल्या मुलांच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. परंतु वही आपल्या हातची होती. बॅटरी आपल्या हातची नव्हे. कधीं धक्का लागे, कधीं वीज डचमळे, आणि यंत्र सुरू करतांच एक भेसूर स्वरावली वाजून पुस्तक नष्ट झाल्याचा शोक-संदेश पडद्यावर येई. आज पन्नाशीकडे झुकलेल्या अनेक जपानी गृहस्थांना ती स्वरावली ऐकून अद्याप धस्स होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं ह्या तिसऱ्या भागाची एक जुनी कॅसेट मी जपानांतून मागविली. यंत्रांत घातली तों काय, पहिलें पुस्तक शाबूत! कोणा अनोळखी मुलाचा वीर एकेचाळिसाव्या पायरीवर उभा होता. बरोबरचे तीन साथीदार, ज्यांचीं नांवें खेळणाऱ्यानें स्वतः ठेवावयाचीं असतात, तीं वर्गमित्रांचीं असावींत असें दिसलें. आतां पेंच असा कीं, तीस वर्षांहून जुनी बॅटरी कोणत्या दिवशीं मालवेल ह्याचा नेम नाहीं. आणि नवी बसवावयाची तर जुनी काढतांक्षणींच पुस्तक पुसलें जाणार. जपून ठेवावें तरी नाश, आणि दुरुस्त करावें तरी नाश! सुदैवानें कॅसेटींतील मजकूर संगणकावर उतरवून घेणारें उपकरण मिळतें. त्यानें अवघे ८ किलोबाइट उतरवून घेतले, नवी बॅटरी डाखली, आणि तो मजकूर पुन्हा कॅसेटींत घातला.

त्या पुस्तकावरून एक गोष्ट मात्र कळेना. वीर अखेरच्या प्रदेशांतील किल्ल्यांत उभा होता. शेवटचा शत्रु थोड्याच अंतरावर. तें युद्ध त्या मुलानें जिंकलें, कीं परीक्षा जवळ आली म्हणून तेथेंच सोडलें? ह्याचें उत्तर पुस्तक देऊं शकत नाहीं. कारण शेवटचा विजय मिळाला कीं खेळ संपतो, आणि त्या विजयाची नोंद कोठेंच होत नाहीं. नोंद राहते ती केवळ श्रमांची. गंमत अशी कीं, ह्याच भागाच्या अखेरीस कळतें कीं, पहिल्या भागांत ज्या पुराणप्रसिद्ध वीराचे आपण वंशज होतों, तो वीर म्हणजे आतांचे आपणच. म्हणजे विजय दंतकथेंत जातो, आणि श्रम तेवढे पुस्तकांत उरतात.

२३ जुलै २०२१ रोजीं तोकियोच्या ऑलिंपिक उद्घाटनांत राष्ट्रांचें संचलन सुरू झालें तें 'ड्रॅगन क्वेस्ट'च्या सुरांवर. त्याच वर्षीं सुगियामा वारले. २०२४ च्या मार्चांत तोरियामाही गेले. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तिसरा भाग नव्या वेषांत पुन्हा प्रसिद्ध झाला. कलाकृति अशा रीतीनें जगतील. त्यांची काळजी घेणारे पुष्कळ आहेत. पण नव्या आवृत्तीस जुनें पुस्तक वाचतां येत नाहीं. आपल्या घरांतल्या मुलांना ठाऊक असलेला 'पोकेमॉन' हाही ह्याच कुळांतला, १९९६ सालचा; त्याच्या पहिल्या कॅसेटींतही अशीच बॅटरी होती. जगभरच्या खणांत पडलेल्या लक्षावधि कॅसेटींतून कोणाच्या तरी बालपणाच्या संध्याकाळी एका नाण्याएवढ्या विजेवर तग धरून आहेत, आणि त्या एकेक करून मालवत आहेत. मोठ्यांचा इतिहास ताम्रपटांवर राहिला. मुलांच्या उद्योगाचा इतिहास असा क्वचितच लिहिला गेला होता. तो कोणी ठरवून लिहिला नव्हता, म्हणूनच तो खरा आहे. ज्यांच्या घरीं अशी एखादी कॅसेट असेल त्यांनीं ती टाकून देण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावी, एवढीच विनंति.