लक्ष्मीबाई पाणी प्यायल्या



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक एका नव्या ताईंच्या घरी झाली. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि चहा आला. आम्ही अकरा जणी होतो. त्यातल्या चौघींना एकदम उपास निघाला. ना एकादशी होती, ना चतुर्थी. ताई काही बोलल्या नाहीत. कप उचलून आत घेऊन गेल्या. बाकीच्यांनी चहा घेतला, पण त्या चौघींना कुणी काही विचारलं नाही. आम्हीसुद्धा विचारलं नाही. घाबरलो, असंच म्हणावं लागेल.

त्या दिवसापासून लक्ष्मीबाई टिळक सारख्या आठवत होत्या. म्हणून आज त्यांची गोष्ट. तिचा मोठा भाग आपल्याच नगर जिल्ह्यात घडला आहे.

आधी एक सांगून टाकतो. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. हे नारायण वामन टिळक, कवी. फुलामुलांचे कवी म्हणून शाळेत आपण त्यांचं नाव ऐकलेलं असतं. लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका, घरात सगळ्या मनू म्हणायच्या. वडिलांचं सोवळं भयंकर कडक. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, आणि यात मीठसुद्धा आलं! मीठ धुतल्यावर काय उरतं ते आपल्याला ठाऊकच आहे. आज आपण हसतो, पण ज्या पोरीने जन्मापासून हेच पाहिलं, तिच्या अंगात ती भीती किती मुरली असेल? शिवलं की बाटलं, बाटलं की संपलं.

अकराव्या वर्षी लग्न झालं. शाळा नव्हतीच, लिहिणं-वाचणं जे आलं ते लग्नानंतर घरातच. टिळकांचा पाय एका ठिकाणी ठरत नसे. आज या गावी नोकरी, उद्या त्या गावी. संसार कसा चालायचा ते बाईने बघायचं.

१८९३ मध्ये टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. गाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी बोलणं झालं आणि त्याने बायबलचा नवा करार त्यांच्या हातात दिला. टिळकांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते ख्रिस्ती झाले. त्या काळात याचा अर्थ जात गेली, नातेवाईक गेले, घरदार गेलं. टिळकांचं धाडस मोठंच होतं, यात वाद नाही.

पण आमच्या गटात ही गोष्ट निघाली तेव्हा बायकांनी पहिला प्रश्न विचारला, "आणि तिचं काय?" खरं सांगायचं तर आम्हांलाही इथे टिळकांचा राग येतो. निर्णय त्यांनी घेतला आणि वाऱ्यावर पडली ती बायको. मुलगा दत्तू तेव्हा चारेक वर्षांचा. नवरा जिवंत, तरी घर मोडलेलं. कुंकू आहे, पण संसार नाही. माहेरच्या नातेवाइकांनी आधार दिला आणि लक्ष्मीबाई लेकराला घेऊन पंढरपुरात राहिल्या. नवऱ्याकडे जावं तर धर्म बुडतो, न जावं तर जन्म जातो. अशी चारपाच वर्षं गेली.

आता आपण वाचतो किंवा ऐकतो, तेव्हा पुष्कळदा वाटतं की धीट माणसाला भीती नसते. एके दिवशी उठतो आणि उडी मारतो. लक्ष्मीबाईंचं तसं मुळीच झालं नाही. त्या फार घाबरल्या आणि ते त्यांनी लपवलंही नाही. त्या पुढे गेल्या त्या अगदी पावलापावलाने.

आधी त्या नवऱ्याच्या मुलखात, नगरला आल्या. पण सोवळं सोडलं नाही. नगर आणि राहुरीच्या त्या दिवसांत त्यांचं पाणी वेगळं, चूल वेगळी, ताटवाटी वेगळी. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात, आणि भोवती मिशनची माणसं. नगरकडे ख्रिस्ती झालेले बरेचसे लोक महार-मांग समाजातले होते. म्हणजे ज्यांची सावली नको असं लहानपणी शिकवलं, तेच आता शेजारी. टिळकांनी तिला जबरदस्ती केली नाही, एवढं मात्र त्यांच्या पदरात घालायला हवं. वेगळी चूल तर वेगळी चूल, त्यांनी ती चालू दिली.

आणि मग लक्ष्मीबाईंनी स्वतः विचार केला. आमच्या मते साऱ्या गोष्टीचा गाभा हा आहे. जात देवाने केली की माणसाने? त्यांनी ते मनाशी घोळवलं आणि त्यांना उत्तर मिळालं: ही माणसाने केली. हे उत्तर नवऱ्याने दिलेलं नव्हतं, पाद्रीसाहेबांनी दिलेलं नव्हतं. एकदा ते पटलं, आणि मग ज्यांच्या हातचं चालत नव्हतं त्यांच्या हातचं पाणी त्या प्यायल्या.

एक पेला पाणी. बघायला गेलं तर केवढंसं! पण मीठ धुवून घेणाऱ्या घरातली ती लेक होती. तिच्या घशाखाली ते पाणी कसं उतरलं असेल, हे ज्या बाईने कधी अशी रीत मोडली असेल तिलाच कळेल. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. आधी भीती पाण्यात विरली, मग धर्माचं पाऊल पडलं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. ख्रिस्ती होण्याआधीच त्या माणसांत आल्या होत्या.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्यांच्या घरात कितीतरी अनाथ मुलं वाढली, त्यांची जात कुणी विचारली नाही. १९१९ मध्ये टिळक गेले. येशूच्या चरित्रावरचं 'ख्रिस्तायन' हे त्यांचं मोठं काव्य अर्धवट राहिलं होतं. सुरुवातीचे थोडे अध्याय टिळकांचे, आणि पुढचे साठाहून जास्त अध्याय लिहिले या शाळेत न गेलेल्या बाईने. मग उतारवयात त्यांनी आपली सगळी हकिगत सांगितली. ते पुस्तक म्हणजे 'स्मृतिचित्रे'. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला आणि १९३६ मध्ये त्या वारल्या. पुस्तक जाड आहे, पण आपण ओट्यावर बसून बोलतो तसंच बोललेलं आहे. स्वतःची फजिती सांगताना बाई हातचं राखत नाही. तालुक्याच्या वाचनालयात मिळालं तर जरूर आणा. एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी शेंगा फोडायच्या.

आम्ही तसंच केलं. मागच्या दोन बैठकांत त्यातली पानं वाचली. वडिलांच्या सोवळ्याचं वाचलं तेव्हा खूप हसू झालं. पाण्याचं वाचलं तेव्हा कुणी हसलं नाही. ज्या चौघींना उपास निघाला होता, त्यातली एक म्हणाली, "माझ्या सासूबाई घरात घेणार नाहीत हो." ती खोटं बोलत नव्हती. तिची भीती खरी आहे, आणि तिला नावं ठेवायची आम्हांला हिंमत नाही, कारण त्या दिवशी गप्प आम्हीही बसलो होतो.

पुढची बैठक आम्ही मुद्दाम त्याच ताईंच्या घरी ठेवली आहे. येत्या शनिवारी, दुपारी तीन वाजता. दूध जास्तीचं सांगून ठेवलंय. चौघींपैकी दोघी चहा घेते म्हणाल्या आहेत. एक येते म्हणाली, चहाचं बोलली नाही. चौथीने अजून काहीच सांगितलेलं नाही. कप मात्र अकरा मांडायचे, असं ठरलंय.