डाळिंबाने खरंच रक्त वाढतं का? या फळाची खरी कमाल दाण्यात नाही, तुमच्या आतड्यात आहे!

सोलापूर जिल्ह्यातलं वेळापूर लोकांना ठाऊक असतं ते दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे तिथलं अर्धनारी नटेश्वराचं प्राचीन मंदिर आणि दुसरी म्हणजे आषाढी वारीत होणारा माउलींच्या पालखीचा मुक्काम. वेळापूर ज्या माळशिरस तालुक्यात आहे, तिथे नीरा उजव्या कालव्याचं पाणी पोचलं तिथे ऊस उभा राहिला. कालव्यापासून दूर, दक्षिणेला सांगोल्याच्या माळरानाकडे जावं तसं डाळिंबाचं राज्य सुरू होतं. कमी पाण्यात तग धरणारं आणि पैसा देणारं हे पीक इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याने उचलून धरलं. २०१६ मध्ये सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही २००५ पासून सोलापुरातच, केगावला आहे.

अशा या डाळिंबाबद्दल मोबाइलवर दोन दावे सतत फिरत असतात. पहिला, डाळिंब खाल्लं की रक्त वाढतं. दुसरा, डाळिंबाने म्हातारपण लांबतं. यातला पहिला दावा सगळ्यांना खरा वाटतो आणि दुसरा निव्वळ थाप वाटतो. विज्ञान मात्र जवळजवळ उलटं सांगतं!

पण त्याआधी एक गंमत. डाळिंबाचा दाणा म्हणून आपण जे खातो तो आंब्यासारखा फळाचा गर नाहीच. तो बियांवरचा रसाळ थर आहे, म्हणजे खरं तर बीची बाहेरची साल! वनस्पतिशास्त्राने डाळिंबाला आता ज्या कुळात ठेवलंय, त्यात कोण कोण आहे माहितीय? हातावर काढायची मेंदी, उपवासाचा शिंगाडा आणि महाराष्ट्राचं राज्यफूल ताम्हण. दिसायला एकमेकांशी काही संबंध नाही, पण नात्याने सगळी भावंडं.

लाल रंगाचा गैरसमज

दवाखान्यात कोणाला भेटायला जायचं तर पिशवीत डाळिंब हवंच. बाळंतिणीला, ऑपरेशन झालेल्याला, 'रक्त कमी आहे' असं डॉक्टरांनी सांगितलेल्या मुलीला घरचे पहिलं काय आणतात, तर डाळिंब. फळ लाल, रस लाल, रक्त लाल, म्हणजे याने रक्त वाढणार, असा हा हिशोब.

पण दोन्ही लाल रंग वेगळे आहेत. रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे, आणि हिमोग्लोबिनला लोह लागतं. डाळिंब लाल असतं ते अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांमुळे. त्यांच्यात लोह नसतं. जांभळाचा जांभळा रंगही याच घराण्यातला. घरी करून बघा: वाटीभर डाळिंबाच्या रसात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. लाल रंग जाऊन निळसर-हिरवट छटा येईल. अँथोसायनिनचं हेच लक्षण, आंबटात लाल आणि सोड्यात निळसर.

आता आकडे बघू. १०० ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह असतं साधारण ०.३ मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे नुसत्या डाळिंबावर ही गरज भागवायची तर दिवसाला साडेनऊ किलोहून जास्त दाणे खावे लागतील! त्याउलट १०० ग्रॅम ज्वारीत साधारण ४ मिलिग्रॅम लोह असतं आणि बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या आसपास. मंगळवेढ्याची ज्वारी त्याच जिल्ह्यातली. ताटातल्या भाकरीत महागड्या फळापेक्षा दहापटीहून जास्त लोह आहे आणि कौतुक मात्र फळाचं! (धान्यातलं सगळंच लोह शरीरात शोषलं जात नाही हे खरं. पण मुळात जे फळात नाहीच, ते शोषलं जाणार कुठून?)

बरं, डाळिंबात थोडं क जीवनसत्त्व असतं आणि ते लोह शोषायला मदत करतं. त्याच डाळिंबातली टॅनिन्स मात्र लोहाला धरून ठेवतात. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्याने काढून घेतलं, असा प्रकार.

हा विषय हसण्यावारी न्यायचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गरोदर स्त्रीला सरकारी योजनेतून लोह आणि फॉलिक अॅसिडची गोळी मोफत मिळते, रोज एक, निदान १८० दिवस. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. 'गोळीने मळमळतं, त्यापेक्षा डाळिंब खाते' असं ठरवून गोळ्या कपाटात पडून राहतात, तेव्हा नुकसान आई आणि बाळ दोघांचंही होतं. मळमळ होत असेल तर डॉक्टर किंवा आशाताईंना विचारून गोळीची वेळ बदलता येते. डाळिंब जरूर खावं, पण गोळीच्या जागी नाही.

मग डाळिंबात आहे तरी काय?

दाणे सोलताना पांढरी-पिवळी पातळ साल चुकून तोंडात गेली तर जीभ कशी आवळून येते! ही तुरट चव टॅनिन्सची. लाळेतल्या प्रथिनांना ती चिकटतात आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. झाडाला हेच हवं असतं. टॅनिन्स हे त्याचं कीड-बुरशीविरुद्धचं शस्त्र. म्हणूनच ती सगळ्यात जास्त बाहेरच्या सालीत असतात. डाळिंबातल्या मुख्य टॅनिनचं नाव प्युनिकॅलेजिन.

२००० मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी डाळिंबाचा रस परीक्षानळीत तपासला. त्याची अँटिऑक्सिडंट ताकद रेड वाइन आणि ग्रीन टीच्या जवळपास तिप्पट भरली. त्यातही कारखान्यातला रस घरी नुसते दाणे पिळून काढलेल्या रसापेक्षा सरस ठरला. कारण सोपं आहे: कारखान्यात फळ सालीसकट दाबतात, त्यामुळे सालीतलं प्युनिकॅलेजिन रसात उतरतं. झालं, डाळिंब रातोरात 'सुपरफूड' बनलं आणि जगभर बाटल्या खपू लागल्या.

पण परीक्षानळी म्हणजे पोट नव्हे. त्याच गटातल्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये पुढचा प्रश्न विचारला, की हे प्युनिकॅलेजिन रक्तात पोचतं तरी का? सहा निरोगी माणसांना पाच दिवस रोज एक लिटर डाळिंबाचा रस पाजला आणि रक्त-लघवी तपासली. रक्तात प्युनिकॅलेजिन सापडलंच नाही! त्याचा रेणू इतका मोठा, की आतड्याच्या भिंतीतून तो तसाच पार होत नाही.

सापडलं ते भलतंच काहीतरी, जे त्या रसात नव्हतंच. त्याचं नाव युरोलिथिन.

जिवाणूंची भट्टी

मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. प्युनिकॅलेजिन पचनात फुटून त्यातून एलॅजिक अॅसिड निघतं. मग गॉर्डोनिबॅक्टरसारखे काही मोजके जिवाणू त्याचे एकेक तुकडे काढत त्याचं युरोलिथिन करतात. हे लहान रेणू आतड्यातून सहज रक्तात जातात. कामाला वेळ लागतो. आज दुपारी खाल्लेल्या डाळिंबाचं युरोलिथिन रक्तात वाढतं ते साधारण दुसऱ्या दिवशी, आणि लघवीत ते दोन-दोन दिवस दिसत राहतं.

नावाची गोष्टही मजेशीर आहे. लिथ म्हणजे दगड. या कुळातले रेणू १९६४ मध्ये मेंढ्यांच्या मूतखड्यांत सापडले होते. क्लोव्हर नावाचं गवत चरणाऱ्या मेंढ्यांना ते खडे होत. (डाळिंबाने मूतखडा होतो असा याचा अर्थ नाही. उगाच नवीन फॉरवर्ड सुरू व्हायला नको!)

खरा धक्का पुढे आहे. सगळ्यांच्या पोटात हे युरोलिथिन सारखं तयार होत नाही. २०१४ पासून शास्त्रज्ञ माणसांचे तीन गट पाडतात. काही जणांच्या आतड्यात मुख्यतः युरोलिथिन-ए बनतं, काहींच्या आतड्यात त्याचे दुसरे भाऊबंद बनतात, आणि काहींच्या पोटात काहीच बनत नाही. त्यांच्याकडे ते जिवाणूच पुरेसे नसतात. अमेरिकेतल्या एका पाहणीत लोकांना डाळिंबाचा रस पाजल्यावर जेमतेम ४० टक्के लोकांमध्येच युरोलिथिन-ए नीट वाढलं. म्हणजे एका घरात, एका ताटलीतून, तेच भगवा जातीचं डाळिंब खाणारे दोघे भाऊ असतील तर एकाला त्याचा हा फायदा मिळेल आणि दुसऱ्याला नाही. फळात खोट नाही, पाहुणे जिवाणू वेगळे आहेत.

म्हातारपणाचा दावा कुठून आला?

युरोलिथिन-ए स्वतः फार दमदार अँटिऑक्सिडंट नाही. मग एवढी चर्चा का? २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांना दिसलं, की हा रेणू पेशींची सफाई सुरू करतो. आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाची छोटी ऊर्जाघरं असतात. वय वाढतं तशी त्यातली काही निकामी होऊन साठत जातात. युरोलिथिन-एमुळे पेशी ही मोडकी ऊर्जाघरं मोडीत काढायला लागते आणि नव्यांना जागा होते. प्रयोगशाळेतले इवलेसे सूत्रकृमी या रेणूमुळे ४५ टक्के जास्त जगले आणि म्हातारे उंदीर जास्त वेळ पळू शकले.

माणसाचं काय? इथे सावध राहायला हवं. २०२२ मध्ये ४० ते ६४ वयाच्या लोकांना चार महिने शुद्ध युरोलिथिन-एच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा पायाच्या स्नायूंची ताकद साधारण १२ टक्क्यांनी वाढली. पण त्या चाचणीत जे मुख्यतः मोजायचं ठरलं होतं, त्यात ठळक फरक पडला नाही. त्याच वर्षी ६५ वर्षांवरच्या ६६ जणांवर दुसरी चाचणी झाली. त्यांच्या स्नायूंचा दमसास सुधारला, पण सहा मिनिटांत चालता येणारं अंतर नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा फारसं वाढलं नाही. आयुष्य वाढल्याचा माणसातला पुरावा अजून नाही. आणि या चाचण्यांमागे कॅप्सूल विकणारी कंपनी होती, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

म्हणून 'डाळिंबाने तारुण्य' असं सांगत कोणी हजारोंच्या कॅप्सूल विकत असेल तर घाई करू नका. एलॅजिक अॅसिड देणारी टॅनिन्स आवळा, हिरडा, जांभूळ आणि अक्रोडातही असतात.

रसापेक्षा दाणे बरे. दाण्यांसोबत १०० ग्रॅममागे साधारण ४ ग्रॅम चोथा पोटात जातो. गाळलेल्या रसात तो उरत नाही, साखर मात्र सगळी येते. मधुमेह असलेल्यांनी ग्लासभर रसाआधी हे जरूर बघावं.

सालीत टॅनिन्स जास्त आहेत म्हणून झाडाची साल उकळून पिण्याचे सल्लेही फिरतात. फळाची साल आणि झाडाच्या मुळाची साल यात मोठा फरक आहे. मुळाच्या सालीत पेलेटिएरिन हे अल्कलॉइड असतं. पोटातले पट्टकृमी मारायला ती पूर्वी वापरायचे, आणि प्रमाण चुकलं तर चक्कर, उलट्या आणि दृष्टीवर परिणाम होण्यापर्यंत वेळ जायची. असा काढा वैद्यांना विचारल्याशिवाय घरी करू नये.