सेलवरचं घड्याळ

वाशिंदला घड्याळ म्हणजे गाडीची वेळ. कसाऱ्याच्या लोकल मोजक्याच. एक हुकली की फलाटावर ताटकळत बसायचं. वडिलांचं एचएमटी 'जनता' रोज सकाळी चावी मागायचं आणि तरी आठवड्याला काही मिनिटं मागे पडायचं. 1987 मध्ये टाटा आणि तमिळनाडू सरकार यांच्या भागीदारीतल्या टायटनने होसूरच्या कारखान्यातली क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आणली. सेकंदाला 32,768 वेळा कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक वेळ राखू लागला, आणि काही वर्षांत गावातली चावी द्यायची सवयच सुटली.

मी हीच घड्याळं जमवतो. संग्राहक मंडळी 'सेलवरचं' म्हटलं की नाक मुरडतात. हा अन्याय आहे. 25 डिसेंबर 1969 रोजी टोकियोत सेइकोचं 'ॲस्ट्रॉन' आलं, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती. तेवढ्यात एक छोटी मोटार आली असती! रोलेक्सनेही 1977 पासून 2001 पर्यंत 'ऑयस्टरक्वार्ट्झ' बनवलं, तेही सारं मिळून सुमारे पंचवीस हजारच. ही स्वस्तातली सोय नव्हती, त्या काळातलं घड्याळ-कारागिरीचं टोक होतं.

आपल्याकडचं असं घड्याळ म्हणजे 2002 चं टायटन 'एज'. अख्खं घड्याळ साडेतीन मिलिमीटर जाड, आतलं मशीन 1.15 मिलिमीटर. माझ्याकडचं 'एज' एका निवृत्त शिक्षकांच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून होतं. मनगटावर ते आहे की नाही, हे बघावं लागतं.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. मुंबईच्या बाजारात जुन्या एचएमटीच्या डायली सर्रास रंगवून विकतात. सेलच्या घड्याळांना कुणी विचारलंच नाही, म्हणून हाती येतं ते बहुधा अस्सल असतं.

त्यांचा खरा वैरी आतच बसलेला असतो. बंद घड्याळात राहिलेला सेल पाझरतो आणि सर्किट खातो. चावीच्या घड्याळाचं मोडलेलं चाक चांगला कारागीर नवं घडवून देतो. जुनं सर्किट कुणी घडवून देत नाही. तेव्हा तुमच्या कपाटात एखादं बंद पडलेलं असेल, तर घड्याळवाल्याकडे नेऊन आधी त्यातला सेल काढून घ्या. चालू करायचं की नाही, ते मग ठरवा.