तीन विद्यापीठे, एक पसंतीक्रम

अंबा नदीकाठच्या नागोठण्यात रसायन अभियांत्रिकी हा केवळ पाठ्यपुस्तकातील विषय नाही. नैसर्गिक वायूतील घटकांपासून इथिलीन आणि त्यापासून प्लास्टिकचा कच्चा माल बनविणारा प्रकल्प ‘आयपीसीएल’ने येथे उभारला. 2002 मध्ये त्या कंपनीची सूत्रे रिलायन्सकडे गेली आणि 2007 मध्ये ती त्या समूहात विलीन झाली. कारखान्याच्या चिमण्या पाहतच मोठी झालेली येथील मुले बारावी विज्ञाननंतर रसायन किंवा पेट्रोरसायन अभियांत्रिकीचा विचार करतात, यात नवल नाही. पेच पडतो तो पुढे. सामायिक प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळाले, दोन-तीन ठिकाणी प्रवेश शक्य दिसू लागला आणि सर्वच ठिकाणे सारखीच चांगली वाटली, तर निवड कशी करायची?

तीन वाटा

नागोठण्याहून महामार्गाने दक्षिणेला निघाले, की माणगाव तालुक्यात लोणेरे लागते. येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 च्या राज्य कायद्याने स्थापन झाले. पेट्रोरसायन आणि रसायन अभियांत्रिकी असे दोन्ही अभ्यासक्रम येथे आहेत. घर जवळ, परिसर शांत आणि वसतिगृहाचा खर्च महानगरापेक्षा आटोक्यातला, ही या वाटेची बलस्थाने.

उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर मुंबई. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली. ‘यूडीसीटी’ या नावाने ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखली गेली आणि 2008 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. डॉ. रघुनाथ माशेलकर येथेच शिकले. प्रा. मनमोहन शर्मा यांनी येथे दीर्घकाळ अध्यापन केले.

तिसरी वाट मुंबई विद्यापीठाशी संलग्न अशा नवी मुंबईतील एखाद्या महाविद्यालयाची. 1857 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या क्षेत्रात रायगड जिल्हा येतो. त्यामुळे नागोठण्याच्या विद्यार्थ्याचे ते ‘गृह विद्यापीठ’ ठरते आणि बहुतेक संलग्न महाविद्यालयांतील जागांचा मोठा वाटा गृह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी असतो. वाकण फाट्यावरून पाली-खोपोलीमार्गे पुण्याकडे जाणारा रस्ता ही चौथी वाट. मात्र तेथे बहुतेक संलग्न महाविद्यालयांत याच विद्यार्थ्याला बाहेरच्या विद्यापीठाचा उमेदवार म्हणून स्पर्धा करावी लागते.

नावामागे काय आहे?

पहिली दक्षता नावाबाबत घ्यावी. लोणेऱ्याच्या विद्यापीठाला 2014 च्या कायद्याने महाविद्यालयांना संलग्नता देण्याचा अधिकार मिळाला. त्यामुळे पदवीवर एकच नाव असले, तरी लोणेऱ्याच्या आवारात शिकणे आणि अन्य जिल्ह्यातील संलग्न महाविद्यालयात शिकणे या भिन्न गोष्टी आहेत. रसायन तंत्रज्ञान संस्थेचेही माटुंग्याखेरीज जालना व भुवनेश्वर येथे परिसर आहेत. विकल्प भरताना संस्थेचे नाव, ठिकाण आणि सांकेतिक क्रमांक तिन्ही तपासावेत.

दुसरी दक्षता मानांकनाची. ‘नॅक’ संपूर्ण संस्थेचे मूल्यमापन करते, तर ‘एनबीए’ स्वतंत्र अभ्यासक्रमाचे. संस्थेला उत्तम श्रेणी असूनही आपल्याला हवी असलेली शाखा मान्यताप्राप्त नसेल, असे होऊ शकते. केंद्र सरकारच्या ‘एनआयआरएफ’ क्रमवारीत अध्यापन व साधनसामग्री आणि संशोधन यांना प्रत्येकी 30 टक्के, पदवीधरांच्या फलनिष्पत्तीला 20 टक्के, तर सर्वसमावेशकता आणि लोकमत यांना प्रत्येकी 10 टक्के भार आहे. कारखान्यात नोकरी करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने एकूण क्रमांकापेक्षा फलनिष्पत्तीचे गुण पाहणे अधिक उपयोगाचे.

तिसरा मुद्दा खर्चाचा. शिक्षण शुल्काइतकाच वसतिगृह, खानावळ आणि प्रवास यांचा चार वर्षांचा हिशेब मांडावा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील, 8 लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना राज्य शासनाने 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. ही सवलत केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना लागू होते. संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला नाही. अनेक घरांत या एका मुद्द्यावरच निर्णय फिरू शकतो.

कागदावरचे बीजगणित

इतके करूनही पारडी समान राहिली, तर एक जुनी रीत उपयोगी पडते. 1772 मध्ये जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाला नवी नोकरी स्वीकारावी की नाही, असा प्रश्न पडला होता. बेंजामिन फ्रँकलिनने त्याला काय ठरवावे ते सांगितले नाही; कसे ठरवावे, एवढेच कळविले. कागदाचे दोन भाग करावेत, तीन-चार दिवस सुचतील तसे अनुकूल आणि प्रतिकूल मुद्दे लिहावेत, मग सारख्या वजनाचे मुद्दे दोन्हीकडून खोडावेत. एका बाजूचा एक मुद्दा दुसरीकडील दोन मुद्द्यांइतका भारी असेल, तर तिन्ही खोडावेत. उरेल त्यावरून निर्णय घ्यावा. या रीतीचे खरे मोल ‘तीन-चार दिवस’ या शब्दांत आहे. निकालाच्या रात्री सुचलेली कारणे आणि चौथ्या दिवशी सुचलेली कारणे एकच नसतात.

तत्त्वज्ञ रूथ चँग यांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. समजा, लोणेरे आणि माटुंगा अगदी समान वाटत आहेत. आता लोणेऱ्याचे वार्षिक शुल्क हजार रुपयांनी कमी झाले, अशी कल्पना करावी. दोन्ही पर्याय खरोखर समसमान असते, तर एवढ्या फरकानेही पारडे झुकले असते. तरीही मन डळमळतच राहिले, तर ते पर्याय समान नसून वेगवेगळ्या जातीचे आहेत, असे समजावे. अशा वेळी आणखी आकडे गोळा करून उत्तर मिळत नाही. आपल्याला घराजवळ राहायचे आहे की महानगरात, प्रयोगशाळेत रमायचे आहे की प्रकल्पावर, याचे उत्तर विद्यार्थ्यानेच द्यावयाचे असते.

पसंतीक्रम कसा लावावा?

डेव्हिड गेल आणि लॉईड शॅप्ले या गणितज्ञांनी 1962 मध्ये महाविद्यालयीन प्रवेशांचे गणित मांडले. या परंपरेतील कामासाठी शॅप्ले आणि ॲल्विन रॉथ यांना 2012 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेची मांडणी याहून साधी आहे. गुणवत्तेच्या क्रमाने प्रत्येक उमेदवाराच्या यादीतील, जागा शिल्लक असलेला सर्वांत वरचा पर्याय त्याला मिळतो. म्हणून अवघड वाटणारी संस्था वर लिहिल्याने खालची हातची जात नाही. गेल्या वर्षीचा ‘कट-ऑफ’ पाहून आवडती संस्था खाली ढकलणे, ही या प्रक्रियेतील वारंवार होणारी चूक आहे. क्रम आवडीचा असावा, अंदाजाचा नव्हे.

मात्र एक अट लक्षात ठेवावी. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली, तर ती अंतिम मानली जाते. 2025-26 च्या प्रक्रियेत दुसऱ्या फेरीसाठी पहिल्या तीन आणि तिसऱ्या फेरीसाठी पहिल्या सहा पसंतींना असाच नियम लावण्यात आला. त्यामुळे ‘बघू या’ म्हणून वरच्या क्रमांकावर काहीही भरू नये. नियम बदलत असल्याने त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचणे अनिवार्य आहे.

अर्ज कायम करण्यापूर्वी एक दिवस लोणेऱ्याला आणि एक दिवस माटुंग्याला जाऊन यावे. दुरून डोंगर साजरे दिसतात. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वसतिगृहाची खानावळ पाहावी. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अंतर्वासिता कोठे मिळाली, हे विचारावे. पालकांनी खर्चाची मर्यादा आधीच स्पष्ट सांगावी आणि त्या मर्यादेतील क्रम मुलांना लावू द्यावा. चांगल्या दोन संस्थांपैकी कोणतीही निवडली, तरी नुकसान फारसे होत नाही. नुकसान होते ते मुदत टळल्याने, किंवा दुसऱ्याने लावलेला क्रम चार वर्षे निभावावा लागल्याने.