सदृशीकरण आणि प्रयोग

सिद्धांताची समीकरणे संगणकावर टप्प्याटप्प्याने सोडवून एखाद्या घटनेचे वर्तन उभे करणे म्हणजे संगणकीय सदृशीकरण किंवा सिम्युलेशन. १९४९ मध्ये मेट्रोपोलिस व उलाम यांनी माँटे कार्लो पद्धत मांडली आणि पुढे या वाटेने गणित थेट प्रयोगशाळेत शिरले. प्रयोगात निसर्ग उत्तर देतो, सदृशीकरणात आपलीच गृहीतके बोलतात, असा भेद सहसा केला जातो. पॉल हम्फ्रीज, एरिक विन्सबर्ग, मार्गारेट मॉरिसन या तत्त्वज्ञांनी त्याची चिकित्सा केली. मॉरिसन यांच्या मते काही सदृशीकरणांना मापनाचाच दर्जा द्यावा लागतो.

या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण हिंगोली जिल्ह्यात आकाराला येत आहे. औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. तिच्या भुजा प्रत्येकी ४ किमी लांबीच्या असतील. लहर आली तरी एवढ्या भुजेच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. तो गोंगाटात बुडालेला असतो. म्हणून लहरीचा अपेक्षित आकार आधी गणिताने काढतात आणि तो साचा नोंदींवर फिरवून पाहतात. जुळ्या ताऱ्यांच्या विलयासाठी असे साचे कसे निवडावेत, हे पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये दाखवले. कृष्णविवरांची टक्कर संगणकावर अखेरपर्यंत चालवणे मात्र २००५ मध्ये फ्रान्स प्रिटोरियस यांना प्रथम साधले.

मग सापडते ते निसर्गाचे की साच्याचे? आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर तपशिलातच मिळते. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील यंत्रांना मिळालेली पहिली लहर ठरावीक साच्यांवर न विसंबणाऱ्या शोधपद्धतीने काही मिनिटांतच टिपली. सुमारे अडीच लाख साच्यांची छाननी त्यानंतरची. सर्वांत जुळणारा साचा वजा केल्यावर मागे उरला तो नेहमीचाच गोंगाट.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट गोंगाटाच्या हिशेबात आहे. हा योगायोग असेल का, हे ठरवण्यासाठी संशोधकांनी दोन यंत्रांच्या नोंदी एकमेकींच्या मागेपुढे सरकवून पाहिल्या. अशा कृत्रिम जोडणीतून १६ दिवसांच्या निरीक्षणांपासून सहा लाख वर्षांहून अधिक काळाची पार्श्वभूमी तयार झाली. याला सदृशीकरण म्हणावे की प्रयोग? जोडणी बनावट, पण गोंगाट अस्सल. टकरीचा सिद्धांत आइन्स्टाइनने दिला आहे, गोंगाटाचा पुरेसा सिद्धांत कोणाकडेही नाही. म्हणून तो गणिताने घडवण्याऐवजी यंत्राकडूनच घ्यावा लागला. प्रयोगाचे वेगळेपण इथे दिसते. सप्टेंबर २०१० मध्ये तर संशोधकांना न सांगता एक खोटी लहर यंत्रात घालण्यात आली. त्यांनी ती पकडली, शोधनिबंधही लिहून तयार ठेवला, आणि मार्च २०११ मध्ये त्यांना खरे कळले. त्या लहरीला ‘बिग डॉग’ हे टोपणनाव पडले. मोजणाऱ्यांचीच अशी कसोटी घेणारी शिस्त विज्ञानात दुर्मीळ आहे.

औंढ्याच्या वेधशाळेला स्वतःचा गोंगाट मिळेल. याच जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्याच्या परिसराला २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी प्रत्येकी ४.५ रिश्टरचे भूकंप जाणवले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून येणारे आवाज लोकांना जुने परिचित आहेत. जागा निवडण्यापूर्वी जमिनीची थरथर मोजली गेली होतीच. आरसे टांगणाऱ्या प्रणालीचे वर्तनही आधी संगणकावर तपासता येते. तरी यंत्र चालू झाल्यावर इथला गोंगाट इथेच सतत नोंदवावा लागेल, हॅनफर्डच्या नोंदी त्यासाठी उपयोगी पडणार नाहीत.