मोहालीचा शालेय संगणक आणि परक्या कंपनीची हार्ड डिस्क

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘विक्रम ३२०१’ हा भारतीय प्रोसेसर पंतप्रधानांना सादर करण्यात आला आणि चंदीगडलगतच्या मोहालीतील सेमीकंडक्टर लॅबोरेटरीचे नाव देशभर झाले. याच संस्थेचा चार दशकांपूर्वी शालेय संगणकाशीही संबंध आला होता, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही.

१९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ हा संगणक-साक्षरता प्रकल्प सुमारे २५० शाळांत सुरू केला. त्यासाठी निवड झाली ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीच्या ‘बीबीसी मायक्रो’ची. त्याची भारतातील निर्मिती मोहालीच्या संस्थेकडे सोपवण्यात आली. तेव्हा तिचे नाव सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड असे होते. ‘६५०२’ प्रोसेसर आणि ३२ किलोबाइट स्मृती एवढाच या यंत्राचा संसार. माहिती साठवायची ती कॅसेटवर किंवा फ्लॉपीवर. एकॉर्नची १० किंवा ३० मेगाबाइटची ‘विंचेस्टर’ हार्ड डिस्क वेगळी विकत घ्यावी लागे.

फेब्रुवारी १९८९ मध्ये मोहालीचा कारखाना आगीत सापडला. पुढे एकॉर्न कंपनीही उरली नाही. झिजलेल्या विंचेस्टर डिस्कना बदली मिळणार कोठून?

उत्तर यंत्राच्या पोटाशीच होते. बीबीसी मायक्रोच्या खालच्या बाजूस ‘१ मेगाहर्ट्झ बस’ नावाची जोडणी आहे. तिच्यातील प्रत्येक तारेचे कार्य एकॉर्नने आरंभीच प्रसिद्ध केले होते. त्या माहितीच्या आधारे हौशी अभियंत्यांनी कोणत्याही कंपनीची साधी आयडीई डिस्क या यंत्राला जोडून दाखवली.

अडचण होती ती मापांची. आयडीई डिस्क एका वेळी १६ बिट देते, तर हे यंत्र ८ बिटच घेते. डिस्कचा एक सेक्टर ५१२ बाइटचा, तर एकॉर्नच्या ‘एडीएफएस’ प्रणालीचा २५६ बाइटचा. यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे १६ पैकी खालच्या ८ तारा तेवढ्या जोडायच्या. त्यामुळे ५१२ बाइटचा सेक्टर यंत्राला नेमका २५६ बाइटचा भासतो. निम्मी डिस्क रिकामी राहते हे खरे. पण एडीएफएसला एका डिस्कवर ५१२ मेगाबाइटपलीकडचे काही दिसतच नसल्याने गिगाबाइटच्या डिस्कवर ही उधळपट्टी जाणवत नाही.

याउलट उदाहरण २०११ च्या आयमॅकचे. त्यात दुसऱ्या कंपनीची डिस्क बसवली की तापमानाची अपेक्षित माहिती यंत्राला मिळत नसे आणि पंखा पूर्ण वेगाने घोंघावू लागे. डिस्क निर्दोष असायची. यंत्र तिची भाषा जाणत नव्हते.

तीस वर्षांनी जुने असलेले यंत्र परक्या डिस्कला सहज सामावून घेते आणि नवे यंत्र अडून बसते. निर्माता संपल्यावर यंत्र किती काळ चालेल, हे त्याच्या सामर्थ्याइतकेच त्याच्या जोडण्यांची माहिती किती खुली ठेवली आहे यावरही ठरते. देशी चिप आणि देशी संगणक घडवण्याची उमेद बाळगणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यांनी मोहालीच्या या जुन्या अध्यायातून एवढे तरी अवश्य घ्यावे.